२१४७४८३६४७ : चाचणी पास झाली, पण सिद्ध काय झालं?

प्रश्न असा आला आहे: "२१४७४८३६४७, म्हणजे २^३१ − १, ही मूळ संख्या आहे असं वाचलं. खात्री करायला मी छोटा प्रोग्रॅम लिहिला. २ चा २१४७४८३६४६ वा घात घेतला, त्याला २१४७४८३६४७ ने भागलं, बाकी १ आली. म्हणजे सिद्ध झालं ना? हे कागदावर हाताने करता येतं का? संगणकातल्या पूर्णांकाची कमाल मर्यादा हीच असते, ती मूळ आहे म्हणून का? आणि २ चा इतकाच घात घेऊन १ वजा केला तर तीही संख्या मूळ निघेल का?"

तुमचं उत्तर बरोबर आहे. पण तुमच्या चाचणीने ते सिद्ध होत नाही, आणि या संख्येच्या बाबतीत ती चाचणी काहीच सांगत नाही. ती घेतली काय आणि न घेतली काय, सारखंच. हे का, ते नीट पाहायला हवं, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरंही त्यातूनच निघतात.

या संख्येला आपण 'म' म्हणू. म = २^३१ − १, त्यामुळे २^३१ ला म ने भागलं की बाकी १ उरते. यात सिद्ध करण्यासारखं काही नाही, ही तर व्याख्याच झाली. मग २ चा घातांक ३१ च्या पटीत असला की बाकी १ च येणार. तुम्ही घेतलेला घातांक म − १, म्हणजे २^३१ − २. फर्माचा छोटा सिद्धांत (प ही मूळ संख्या असेल तर २^प − २ ला प ने नि:शेष भाग जातो) ३१ ला लावा: ३१ मूळ आहे, म्हणून २^३१ − २ ला ३१ ने नि:शेष भाग जातो. म्हणजे तुमचा घातांक ३१ च्या पटीत आधीपासूनच होता. म मूळ असो की संयुक्त, बाकी १ च आली असती.

लहान उदाहरण घ्या. २^११ − १ = २०४७. आता २०४६ = ११ × १८६, म्हणून २ च्या २०४६ व्या घाताला २०४७ ने भागल्यावर बाकी १ येते. चाचणी पास. आणि २०४७ = २३ × ८९. २ च्या घातातून १ वजा केला की जी येते तिला मर्सेन संख्या म्हणतात, आणि घातांक मूळ असलेली प्रत्येक मर्सेन संख्या २ या पायाची ही चाचणी पास होते. इतकंच काय, याच कल्पनेवर बेतलेली मिलर-राबिनची जास्त कडक चाचणीही २ हा पाया घेतला तर तितकीच फसते, कारण तिथे लागणारा अर्धा घातांक, २^३० − १, हाही ३१ च्या पटीत आहे. पाठ्यपुस्तकांतली उदाहरणं बहुधा २ हाच पाया घेतात, म्हणून ही चूक फार जण करतात. नव्या मर्सेन मूळ संख्या शोधणाऱ्या गिम्प्स या स्वयंसेवी प्रकल्पात मूळपणाची पहिली चाचणी ३ हा पाया घेऊन लावतात, ती याचसाठी.

तुमच्या प्रोग्रॅममध्ये कमीत कमी बदल करायचा असेल तर मिलर-राबिन चाचणी २, ३, ५ आणि ७ या चार पायांनी चालवा. या चारही पायांना चकवणारी सगळ्यात लहान संयुक्त संख्या ३२१५०३१७५१ आहे. तुमची संख्या तिच्यापेक्षा लहान, त्यामुळे चारही पायांवर पास झाली की ती मूळच. इथे 'बहुधा' हा शब्द लावायची गरज उरत नाही.

आता हाताने. सरळ मार्ग म्हणजे म च्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ४६३४० पर्यंतच्या, सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहणं. त्या सुमारे ४८०० भरतात. चिकाटी असेल तर अशक्य नाही, पण ही संख्या अमुक एका घडणीची आहे याचा फायदा त्यात काहीच घेतलेला नाही.

समजा अ ही मूळ संख्या म ला भागते. मग २^३१ ला अ ने भागल्यावर बाकी १ येते. २ चे घात घेत गेलो तर बाकी १ पहिल्यांदा कुठे येते? तो घातांक ३१ चा विभाजक असायला हवा. ३१ मूळ आहे, म्हणून तो १ किंवा ३१. १ असू शकत नाही, कारण मग अ ने १ ला भागायला हवं. म्हणजे तो ३१ च. पण फर्मा सांगतो की अ − १ या घातांकालाही बाकी १ येते, म्हणून अ − १ हा ३१ च्या पटीत. अ विषम आहे, म्हणून अ − १ हा ६२ च्या पटीत. ही पहिली चाळणी.

दुसरी चाळणी मला जास्त आवडते. २^३१ ची बाकी १, म्हणून २^३२ ची बाकी २. पण २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे. म्हणजे अ च्या जगात, जिथे अ ने भागून उरलेल्या बाक्याच फक्त मोजायच्या, २ ला वर्गमूळ आहे, आणि असं फक्त त्याच विषम मूळ संख्यांच्या बाबतीत होतं ज्यांना ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ येते. दोन्ही अटी एकत्र केल्या तर अ ला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ यायला हवी. बाकीच्या सगळ्या मूळ संख्या बाद. ४८०० पैकी साधारण साठातली एक उरते, म्हणजे भागाकार ऐंशीच्या आसपास.

पहिली उमेदवार ३११. तिच्याने भागायलासुद्धा दहा अंकी भागाकार मांडायची गरज नाही. २^८ = २५६, म्हणजे ३११ च्या हिशेबात २५६ − ३११ = −५५. त्याचा वर्ग ३०२५, बाकी २२६, म्हणजे −८५. हा झाला २^१६. पुन्हा वर्ग: ७२२५, बाकी ७२. हा २^३२. निम्मे करा: २^३१ ची बाकी ३६. म्हणून म ची बाकी ३५. शून्य नाही, ३११ बाद. पुढची १३०३, तिची बाकी २२६. मग १४८९, तिची बाकी १९९. असं ४६३४० पर्यंत जायचं. एका सुट्टीच्या दिवसाचं काम आहे, आणि ज्याला संख्यांची हौस आहे त्याने एकदा तरी करून पाहावं असं मला वाटतं.

स्विस गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये म मूळ असल्याचं दाखवलं ते याच वाटेने. तेव्हा त्याची दृष्टी जवळपास पूर्ण गेलेली होती. त्याआधी फ्रेंच गणितज्ञ मर्सेनने १६४४ मध्ये अशा मूळ संख्या देणाऱ्या घातांकांची यादी दिली होती, तिच्यात ३१ होता. पण त्याच यादीत ६७ आणि २५७ हे चुकीचे होते आणि ६१, ८९, १०७ सुटले होते, तेव्हा तिला पुरावा कुणी मानू नये. ऑयलरनंतर म चा दबदबा बरीच वर्षं टिकला. १८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्लिश गणितज्ञाने लिहून ठेवलं की म पासून बनणाऱ्या परिपूर्ण संख्येहून (ती काय ते पुढे येईलच) मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडेल असं वाटत नाही, कारण अशा संख्या नुसत्या कुतूहलाच्या, उपयोगाच्या नाहीत. कोण कशाला शोधत बसेल? माणसाच्या हौसेचा त्याचा अंदाज पार चुकला. १८७६ मध्ये फ्रेंच गणितज्ञ ल्युकाने २^१२७ − १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचं दाखवलं, तेही हातानेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली २^१३६२७९८४१ − १ ही ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकांची आहे.

एवढ्या मोठ्या संख्यांना भागाकाराची चाळणी पुरत नाही. तिथे ल्युकाची युक्ती लागते. १९३० मध्ये अमेरिकन गणितज्ञ लेमरने तिला आजचं सुटसुटीत रूप दिलं, म्हणून तिला ल्युका-लेमर चाचणी म्हणतात. ४ पासून सुरू करा. प्रत्येक वेळी वर्ग करा, २ वजा करा, म ने भागून बाकी ठेवा: ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४... ३१ या घातांकासाठी हे २९ वेळा करायचं. शेवटी शून्य आलं तर म मूळ, नाही आलं तर संयुक्त. 'बहुधा'ला इथेही जागा नाही. प्रोग्रॅम लिहिलात तर शेवटून दुसरी बाकी नक्की बघा. शून्य येण्याआधीच्या पदाचा वर्ग २ यायला हवा, आणि २ चं वर्गमूळ काय ते वर आलंच आहे: २^१६. म्हणून ते पद ६५५३६ किंवा त्याचं ऋण रूप असणार, तिसरं काही येऊच शकत नाही. भलतंच काही दिसलं तर प्रोग्रॅममध्ये गडबड आहे असं समजा.

गडबडीवरून आठवलं. मी ही चाचणी पहिल्यांदा लिहिली तेव्हा म संयुक्त आहे असं उत्तर आलं होतं. दोन दिवस मी सिद्धांतात चूक शोधत होतो. चूक गुणाकारात होती: ३१ बिटांच्या दोन संख्यांचा गुणाकार ६२ बिटांपर्यंत जातो आणि मी तो ३२ बिटांच्या खोक्यात कोंबत होतो. वरचे बिट गुपचूप गळून जात होते, आणि संगणक त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हता.

तुमचा मर्यादेबद्दलचा प्रश्न इथेच घेऊ. संगणकात पूर्णांकासाठी ३२ बिट ठेवले, त्यातला एक चिन्हासाठी गेला, तर उरलेल्या ३१ बिटांत सगळीकडे १ लिहून होणारी सगळ्यात मोठी संख्या म्हणजे २^३१ − १. ती मूळ आहे हा निव्वळ योगायोग. १६ बिटांची मर्यादा ३२७६७ आहे, ती ७ × ३१ × १५१. ६४ बिटांची मर्यादा २^६३ − १, तिला तर ७ नेच भाग जातो, कारण ६३ ला ३ ने भाग जातो आणि २^३ − १ = ७. २०३८ सालच्या १९ जानेवारीला, जागतिक प्रमाणवेळेनुसार पहाटे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंदांनी, १९७० च्या आरंभापासून मोजलेले सेकंद या मर्यादेला भिडतील आणि जुनी यंत्रं अडखळतील, त्याचाही मूळपणाशी संबंध नाही.

मात्र योगायोग असला तरी तो फार कामाचा ठरला. म ने भागायला भागाकार करावाच लागत नाही. कोणतीही संख्या २^३१ च्या पटी आणि उरलेला भाग अशी तोडा आणि दोन्ही भागांची बेरीज करा, कारण म च्या जगात २^३१ म्हणजे १. शाळेत ९ ने भागताना अंकांची बेरीज करतो तीच ही युक्ती, फक्त अंक ३१ बिटांचे. उदाहरणार्थ २८२४७५२४९ × १६८०७ = ४७४७५६१५०९९४३. यात २^३१ बसतो २२१० वेळा, उरतात १६२२६४७८६३. बेरीज १६२२६५००७३, हीच बाकी. संगणकाच्या दृष्टीने ही बिटांची थोडी सरकासरकी आणि एक बेरीज, बस.

हे १६८०७ मी मनाने घेतलेलं नाही, आणि इथे आपण म च्या सगळ्यात श्रीमंत गुणधर्माकडे येतो. म − १ चे अवयव पाडू. म − १ = २ × (२^३० − १) = २ × ३२७६७ × ३२७६९. पहिल्याचे अवयव वर आलेच, दुसरा ९ × ११ × ३३१. म्हणून

२१४७४८३६४६ = २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१.

दहा अंकी संख्येचे अवयव दोन ओळींत मिळाले, हीसुद्धा घडणीचीच कृपा. आता ७ चे घात घेत जा आणि म ने भागून बाक्या लिहा. १ पासून म − १ पर्यंतची प्रत्येक संख्या त्यात एकदा येते, आणि सगळ्या येऊन गेल्यावरच १ परत येतो. अशा पायाला प्रिमिटिव्ह रूट म्हणतात, आणि म साठी ७ हा त्यांतला सगळ्यात लहान. ५ हा म − १ चा विभाजक नाही, म्हणून ७ चा पाचवा घात, म्हणजेच १६८०७, हाही तसाच पूर्ण फेरी मारतो. असे पाया एकूण ५३ कोटी ४६ लाख आहेत, साधारण दर चारांत एक. आणि आपला २? तो ३१ पावलांतच १ वर परततो. दोन अब्जांच्या मैदानात ३१ पावलांची फेरी. तुमच्या चाचणीने नेमका हाच पाया घेतला होता.

७ च्या या गुणधर्मातून मूळपणाचा आणखी एक पुरावा मिळतो, आणि तो तपासायला सगळ्यात सोपा. ७ चा (म − १) वा घात बाकी १ देतो. पण म − १ ला २, ३, ७, ११, ३१, १५१, ३३१ यांपैकी कशानेही भागून आलेला घातांक घेतला तर बाकी १ येत नाही. एवढं दिसलं की ७ ची फेरी पूर्ण म − १ पावलांची ठरते, आणि अशी फेरी फक्त मूळ संख्येतच शक्य असते. आठ घातांचे हिशेब, बस. कुणाला लेखी खात्री द्यायची असेल तर मी हा पुरावा देईन. ल्युका-लेमर देखणी आहे, पण ती का चालते हे समजावायला बराच वेळ जातो.

या पूर्ण फेरीचा व्यवहारातला उपयोग म्हणजे यादृच्छिक वाटणाऱ्या संख्या बनवणं. आधीच्या संख्येला १६८०७ ने गुणा, म ने भागा, बाकी ही पुढची संख्या. कल्पना मुळात लेमरचीच. १९६९ मध्ये हे आकडे आयबीएमच्या सिस्टिम/३६० या संगणकासाठी वापरले गेले, आणि १९८८ मध्ये पार्क आणि मिलर या संगणकशास्त्रज्ञांनी किमान दर्जा म्हणून हेच सुचवले. तुमचा प्रोग्रॅम बरोबर आहे का ते पाहायला: १ पासून सुरू करून दहा हजार पावलं टाकली की १०४३६१८०६५ यायला हवी. आज गंभीर कामाला हे वापरू नका, दोन अब्जांची फेरी आता क्षणात संपते. गुप्त संदेशांसाठी तर नकोच. संख्या लहान आहे हे एक, आणि म − १ चे अवयव ३३१ च्या पुढे जात नाहीत हे दुसरं. घातांक लपवायचा म्हटलं तर तो या लहान लहान अवयवांच्या तुकड्यांत शोधून काढता येतो. जी घडण पुरावा सोपा करते तीच इथे कुलूपही ढिलं करते.

अजून काही गोष्टी, भराभर. म च्या जगात वर्गमूळ काढणं कमालीचं सोपं: ज्या संख्येला वर्गमूळ आहे तिचा लागोपाठ २९ वेळा वर्ग करा, वर्गमूळ हातात. वर्ग करत करत वर्गमूळ मिळतं हे ऐकायला उलटं वाटेल, पण लागणारा घातांक (म + १) भागिले ४, म्हणजे २^२९ आहे. म ला ८ ने भागल्यावर बाकी ७ येते, म्हणून ती दोन किंवा तीन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही, चार वर्ग लागतातच. २^३० × म = २३०५८४३००८१३९९५२१२८ ही आठवी परिपूर्ण संख्या, म्हणजे स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज तिच्याचइतकी. क्रमाने मोजलं तर म ही १० कोटी ५० लाख ९७ हजार ५६५ वी मूळ संख्या. जुळी नाही, म्हणजे दोनच्या अंतरावर दुसरी मूळ संख्या नाही: दोनने पुढच्या संख्येला ३ ने भाग जातो, दोनने मागच्या संख्येला ५ ने. शेजारणी म्हणजे मागे २१४७४८३६२९ आणि पुढे २१४७४८३६५९.

राहिला शेवटचा प्रश्न. २^म − १ मूळ असेल का? मोह पडण्यासारखंच आहे, कारण ५ मूळ, २^५ − १ = ३१ मूळ, २^३१ − १ मूळ. मग पुढचीही का नाही? ती संख्या सुमारे ६४ कोटी ६४ लाख अंकांची आहे. आज माहीत असलेल्या सगळ्यात मोठ्या मूळ संख्येच्या पंधरा पटींहून जास्त अंक. तिच्यावर ल्युका-लेमर चालवणं प्रचंड वेळखाऊ काम आहे. पण वरची चाळणी इथेही लागू आहे: तिचा कोणताही मूळ विभाजक म च्या दुपटीच्या पटीत अधिक १ असाच असणार. ही माळ चाळताना १९८३ मध्ये एक सापडला: २ × ६८७४५ × म + १, म्हणजे २९५२५७५२६६२६०३१. तेव्हा साखळी तिथेच तुटते, ती संख्या संयुक्त आहे.

हे तुम्ही घरी तपासू शकता, त्या राक्षसी संख्येचा एकही अंक न लिहिता. म दोनच्या पद्धतीत लिहिली की ३१ वेळा १ येतो. म्हणून १ घ्या, वर्ग करा, दुप्पट करा, २९५२५७५२६६२६०३१ ने भागून बाकी ठेवा, आणि हे ३१ वेळा करा. शेवटी बाकी १ उरते. फक्त पंधरा अंकी संख्यांचे वर्ग ६४ बिटांत मावत नाहीत, तेवढं माझ्यासारखं करू नका.